मिसळल्यापासून चार तास

डोकेदुखीची गोळी घ्यायची झाली, तर संघपाल मगरे आधी तिच्यासोबतच्या कागदावरचे दुष्परिणाम वाचत, आणि वाचून संपेपर्यंत त्यातले चार त्यांना सुरू झालेले असत. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते अठ्ठावीस वर्षं सहायक होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही थर्मामीटर फुटला नव्हता. फुटेल, या काळजीनं ते स्वतः मात्र रोज थोडे थोडे तडकत. अशा माणसानं निवांत वेळेत लाकडाची धनुष्यं तासायचा नाद का लावून घ्यावा, हे त्यांच्या बायकोला, सरिताला, नीटसं कधी उमगलं नाही. ती दवाखान्यात सिस्टर होती. दिवसभर खरी संकटं पाहून आल्यामुळं घरातल्या संकटांकडं ती चहाचा कप हातात धरून बघत असे.

धनुष्यं चांगली होत होती, यात शंका नाही. धामणीचं चिवट लाकूड आणून, महिनोन् महिने सावलीत वाळवून, काचपेपरनं घासघासून संघपाल ती करत. अडचण झाली वरच्या पॉलिशची. दौलताबादकडच्या एका शाळेतले क्रीडाशिक्षक नानासाहेब यांना त्यांनी पहिलं धनुष्य लाखेचं पॉलिश मारून दिलं. दमट हवेत आणि पोरींच्या घामात ते पॉलिश विरघळलं. नानासाहेब थेट प्रयोगशाळेत आले आणि दोन प्राध्यापकांच्या देखत म्हणाले, "मगरे, पोरगी धनुष्य सोडतीय हो. धनुष्यच पोरीला सोडत नाय."

प्राध्यापक हसले. त्या दिवसापासून संघपालांना झोपेत कुणीतरी हाताला चिकटतंय असं वाटू लागलं.

पण नानासाहेब माणूस सरळ. जाताना म्हणाले, "लाकूड चांगलं हाय, ओढ चांगली हाय. वरचं काम टिकाऊ करा. जानेवारीत नऊ पोरी नांदेडला स्पर्धेला न्यायच्यात. पुढल्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. तासून ठेवलेली नऊ तयार असली तर नेतो, नसली तर जुने बांबू हायेतच."

मग संघपाल टिकाऊ कामाच्या मागं लागले. सल्ल्याला तोटा नव्हता. कॉलेजातला एक शिपाई म्हणाला, जवसाचं तेल चोळा, त्याच्या आजोबांचा नांगर तसाच होता. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले, मधमाशीचं मेण. पण लगेच म्हणाले, मेण मारून उन्हात ठेवू नका, आणि धनुष्य उन्हातच वापरायचं असतं हे ध्यानात आल्यावर चहा प्यायला निघून गेले. पैठण गेटजवळचा रंगाचा दुकानदार तेवढा ठाम होता. "साब, पीयू पॉलिश मारो, गन से. बीस साल देखना नहीं पडेगा."

वीस वर्षं बघायला लागणार नाही, म्हणजे वीस वर्षं दुरुस्तही करता येणार नाही, असा त्याचा दुसरा अर्थ संघपालांना रिक्षात बसल्यावर सुचला. तोपर्यंत डबे पिशवीत होते.

फवारायची गन आणि कॉम्प्रेसर दिला कडुबानं. कडुबा चिकलठाण्याला फर्निचरवर स्प्रे मारायचा. शनिवारी त्याचं बिडकीनला काम होतं, म्हणून यायला जमणार नव्हतं, पण त्यानं अर्धा तास बसवून सगळं शिकवलं.

"सर, हे दोन डबे. ह्यो माल आन् ह्यो हार्डनर. येगळे हायेत तवर दोघंबी गरीब. एकदा मिसळलं की चार तासांत मारून मोकळं व्हायचं. पाचव्या तासाला गनमधी दगड व्हतो. पहिला हात मारायचा, तासभर थांबायचं, दुसरा हात मारायचा. झालं."

"आणि चुकून दुसरीकडं कुठं उडालं तर? पुसायचं कशानं?"

कडुबानं त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. "निघत नाय सर. निघत नाय म्हनूनच तर मारायचं."

संघपालांनी हे वाक्य डायरीत लिहून त्याखाली रेघ ओढली.

आता परवानगी. सिडकोतल्या त्यांच्या इमारतीच्या सचिव होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई देऊळगावकर. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडं तोंडी काही चालत नसे. संघपालांनी रीतसर अर्ज लिहिला: विषय, गच्चीवर फवारणी करण्यास परवानगी मिळणेबाबत. बाईंनी त्यातल्या दोन वेलांट्या लाल पेनानं दुरुस्त केल्या, मंजुरीची सही केली आणि त्याच दिवशी फळ्यावर सूचना लावली: शनिवारी सकाळी गच्चीवर फवारणी होईल, रहिवाशांनी खिडक्या बंद ठेवाव्यात.

संध्याकाळपर्यंत चार घरांतून माणसं येऊन गेली. एकांकडं डास होते, दोघांकडं वाळवी. तिसऱ्या मजल्यावरचा राजकुमार शिनगारे विमा कंपनीत होता आणि बोलायला गोड. "काका, एवढं करताच आहात तर आमच्या सिंकखाली पण दोन फवारे मारा. झुरळं लई झालीत." संघपालांनी त्याला पीयू म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं. राजकुमारनं मान डोलावून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे झुरळं मरतील ना?"

शनिवार उजाडला. थंडीतलं ऊन, वारा नाही, आभाळ स्वच्छ. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला नऊ धनुष्यं आकड्यांनी टांगली. दोरी अर्थातच कशालाच नव्हती. मुठीच्या जागी चिकटपट्टी गुंडाळली. कडुबाचा, गाळणीच्या दोन डब्यांचा मास्क तोंडावर चढवला. दहा वाजून दहा मिनिटांनी संघपालांनी माल आणि हार्डनर मापून मिसळला, डब्यावर वेळ लिहिली आणि कॉम्प्रेसरचं बटण दाबलं.

कॉम्प्रेसर एकदा खाकरला. तेवढ्यात इमारतीच्या सामाईक मीटरमध्ये काहीतरी टच्च वाजलं. पाण्याचा पंप थांबला, जिन्यातले दिवे गेले आणि लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. लिफ्टमध्ये राजकुमार होता.

पुढचा तासभर संघपालांनी कसा काढला, हे त्यांचं त्यांना ठाऊक. इलेक्ट्रिशियन हडकोतून निघाला होता, तो निघालेलाच राहिला. संघपाल दर पाच मिनिटांनी गच्चीवर जाऊन डबा हलवून बघत, घट्ट झाला नाही याची खात्री करत, आणि खाली येऊन लिफ्टच्या फटीशी तोंड नेऊन विचारत, "राजकुमार, ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे काका," आतून आवाज येई. "तुम्ही झुरळांचं विसरू नका."

सव्वाअकराला इलेक्ट्रिशियन एकदाचा उगवला, वीज आली, राजकुमार बाहेर आला आणि कॉम्प्रेसर वायरीनं संघपालांच्या स्वतःच्या मीटरला जोडला गेला. पुरते तीन तासही उरले नव्हते.

तेवढ्यात सरोजिनीबाई खुर्ची घेऊन वर आल्या. थंडीत रोज अकराला गुडघ्यांना तेल लावून त्या गच्चीवर उन्हात बसत. संघपालांनी मास्क वर करून त्यांना खाली जायची विनंती केली.

"तुमचा अर्ज मी वाचलाय," बाई म्हणाल्या. "त्यात गच्चीचा पूर्वेकडचा भाग लिहिलाय. मी पश्चिमेला बसते. तुम्ही माझ्या कोपऱ्यात येऊ नका, मी तुमच्या येणार नाही." वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून कठड्यावर ठेवला, पदर चेहऱ्यावर ओढला आणि पाच मिनिटांत त्या घोरू लागल्या.

संघपालांनी पहिला हात मारायला घेतला. आणि इथं मात्र सांगायला हवं, की एकदा गनचा चाप दाबल्यावर त्यांची भीती कुठं गेली ते त्यांना कळलं नाही. कोरडं, पांढरट लाकूड फवाऱ्याखाली ओलं होत होतं आणि आतून मधाच्या रंगाच्या रेषा वर येत होत्या. ज्या रेषा त्यांनी दीड वर्ष फक्त बोटांनी ओळखल्या होत्या, त्या आता डोळ्यांना दिसत होत्या. नववं धनुष्य झालं तेव्हा सरिता चहा घेऊन वर आली. ती तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "हे तर चांगलं दिसतंय." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना दिलेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र होतं.

तेवढ्यात संघपालांच्या गालाला वारा लागला. पूर्वेचा. किती वेळ तो वाहत होता, कुणास ठाऊक. त्यांनी वाऱ्याच्या दिशेनं नजर फिरवली, तर ती गच्ची ओलांडून थेट पश्चिमेच्या कठड्यावर, काचा वर करून ठेवलेल्या चष्म्यावर जाऊन थांबली. ते चवड्यांवर चालत गेले आणि वाकून पाहिलं. काचांवर दवासारखा अगदी बारीक थर बसला होता. बोट लावलं. दव असतं तर पुसलं गेलं असतं.

बाईंचा चेहरा पदराखाली होता, त्यामुळं त्यांना काही झालं नव्हतं. पण आता बाईंना उठवून सांगायचं कसं? संघपालांनी मनात वाक्य तयार केलं, 'बाई, आपल्या चष्म्यावर माझ्याकडून वीस वर्षांचं काम झालेलं आहे.' हे बरं नव्हतं. ते दुसरं वाक्य जुळवू लागले, आणि तेव्हाच जिन्यातून बुटांचा आवाज आला.

वर तीन माणसं आली. एक पोलीस, एक व्हिडिओ कॅमेरा घेतलेला, आणि पुढं हातात फाइल धरलेला तिशीचा तरुण.

"निवडणुकीचं भरारी पथक," तो तरुण म्हणाला. "मी शंतनू कुलकर्णी, पथकप्रमुख. तुमच्या गच्चीचा फोटो आलाय तक्रारीत. आचारसंहिता सुरू आहे, आणि तुम्ही नऊ धनुष्यं टांगलीत."

महापालिकेची निवडणूक पंधरवड्यावर होती. धनुष्यबाण हे कुणाचं चिन्ह, हे मराठी माणसाला सांगायला नको. ते खरं कुणाचं, हा वाद आपल्या गोष्टीच्या बाहेरचा. संघपालांना यातलं काही सुचलंच नव्हतं. दुष्परिणामांच्या कुठल्याही यादीत हे आलेलं नव्हतं. त्यांनी मास्क काढला आणि एका दमात नानासाहेब, नांदेड, नऊ पोरी, लाखेचं पॉलिश आणि धामणीचं लाकूड सगळं सांगून टाकलं. कॅमेरावाल्यानं ते टिपून घेतलं.

"तुमचं म्हणणं पटतंय," शंतनू म्हणाला, "पण रस्त्यावरून दिसतंय. उतरवा किंवा झाका."

"साहेब, ओली आहेत. हात लावला तर बोटं उमटतील. झाकलं तर कापड चिकटेल. शिवाय दुसरा हात मारायचाय, आणि मिसळलेला माल दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो."

शंतनूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "मिसळलेलं औषध ठेवता येत नाही, हे मला सांगू नका. एरवी मी कृषी सहायक आहे. इथं निवडणुकीपुरता आलोय. पण तक्रार आली की पंचनामा करावाच लागतो."

आवाजानं सरोजिनीबाई जाग्या झाल्या. त्यांनी चाचपून चष्मा लावला आणि इकडंतिकडं पाहिलं. "बाराला एवढं धुकं?" त्या म्हणाल्या.

संघपालांनी काढलेला मास्क पुन्हा तोंडावर चढवला.

एव्हाना खालून निम्मी इमारत वर जमली होती. राजकुमार सगळ्यांच्या पुढं. सल्ला द्यायची वेळ त्यानं कधी हुकवली नव्हती. "साहेब, याला दोरी नाही. बाण तर कुठंच नाही. मग याला धनुष्यबाण कसं म्हणायचं? ह्या नुसत्या वाकड्या काठ्या आहेत."

शंतनूनं विचार केला. माणूस मायाळू होता, आणि त्यालाही जेवायला जायचं होतं. "हे चालेल," तो म्हणाला. "पंचनाम्यात लिहितो, गच्चीवर नऊ वाकड्या काठ्या वाळत घातलेल्या आढळल्या. विषय मिटला. मगरे साहेब, इथं सही करा."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सरितानं चहाचे कप गोळा करायला घेतले. संघपालांनी पेन हातात घेतलं. त्यांनी आयुष्यात सरकारी कागदावर सही करायला कधी नकार दिला नव्हता. उलट दोन ठिकाणी जास्तच करून ठेवत. पेन कागदाला टेकलं, आणि तिथंच थांबलं.

"साहेब," ते म्हणाले, "काठ्या नाहीत ह्या."

"म्हणजे?"

"धनुष्यं आहेत. धामणीची. मी केलीत."

राजकुमार त्यांच्या कानाशी लागला, "काका, सुटताय ना, मग कशाला?" पोलिसानं टोपी सारखी केली. पण संघपालांनी पेन परत केलं.

"तुम्ही धनुष्यं लिहा," ते म्हणाले. "मग पुढं जे काय व्हायचं ते होऊ द्या. सरिता, माझी रक्तदाबाची गोळी कुठंय?"

शंतनूनं फाइल काखेत मारली आणि एका धनुष्याजवळ जाऊन, हात न लावता, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "धनुष्यं लिहिलं तर झाकावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "पण झाकायचं म्हणजे अंगावरच कापड टाकायचं, असं नियमात कुठं लिहिलंय? रस्त्यावरून दिसलं नाही की झालं."

ही बाब सरिताच्या ताबडतोब ध्यानात आली. वॉर्डात पडदे नसले की ती रोज हेच करत असे. "चादरी आणा," ती जमलेल्यांना म्हणाली. "प्रत्येक घरातून दोन."

पुढच्या दहा मिनिटांत अकरा घरांतल्या चादरी वर आल्या. काही तारांवर चढल्या, आणि उरलेल्या माणसांनी हातांत ताणून धरल्या. पोलिसानंही एक टोक धरलं. चारी बाजूंनी आडोसा झाला आणि आत संघपाल मास्क लावून उभे राहिले. एक वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांनी दुसरा हात सुरू केला. बाहेरून सल्ले येत होते. कुणी म्हणे वरून खाली मारा, कुणी म्हणे हात दुखले, आटपा. शंतनू खुर्चीवर बसून लिहीत होता आणि सरोजिनीबाई त्याला ऱ्हस्व-दीर्घ सांगत होत्या. कागद मात्र त्या चष्मा काढून, हात लांब करून वाचत होत्या.

एक पन्नासला नववं धनुष्य झालं. संघपालांनी गन खाली ठेवली, आणि त्याच घडीला वाऱ्याचा एक झोत आला. राजकुमारचे हात आखडले होते. त्याच्या हातातली सोलापुरी चादर सुटली, नवव्या धनुष्यावर जाऊन आदळली आणि तिथंच राहिली.

संघपालांनी दोन बोटांनी चादर सोडवली. चादर निघाली, पण तिची निळी लव धनुष्याच्या वरच्या पात्यावर वीतभर तशीच चिकटून बसली. काढायला जावं तर खालचा थर खरवडेल.

"काका, सॉरी," राजकुमार म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा खरा वाटला.

पंचनाम्यात शेवटी असं आलं: हस्तनिर्मित लाकडी धनुष्ये, नग नऊ, ओली. दोरी व बाण आढळून आले नाहीत. वाळेपर्यंत चादरींचा आडोसा करण्यात आला. संघपालांनी हे तीनदा वाचलं आणि सही केली. पंच म्हणून सरोजिनीबाईंनी सही केली, ती चष्मा लावून केल्यामुळं रेघेच्या दोन बोटं वर गेली.

रविवारी सकाळी नानासाहेब आले. आठ धनुष्यं त्यांनी उलटसुलट करून पाहिली, ओल्या फडक्यानं घासली, नखानं ओरखडली. मग एक मुठीत घट्ट धरून ते संघपालांशी पंधरा मिनिटं पावसापाण्याच्या गोष्टी बोलत बसले. संघपालांना एकही शब्द ऐकू आला नाही. शेवटी नानासाहेबांनी मूठ उघडली आणि तळहात पाहिला. ते धनुष्य गाडीत नेऊन ठेवलं.

मग नववं हातात घेतलं. निळ्या लवेवरून अंगठा फिरवला.

"हे निघंल का?"

"नाही," संघपाल म्हणाले. "टिकाऊ आहे."

"मग ऱ्हाऊ द्या," नानासाहेब म्हणाले. "थंडीचे दिवस हायेत."

गाडी गेली. आता एकच काम उरलं होतं, आणि संघपाल दुपारपर्यंत ते टाळत राहिले. शेवटी सरितानंच त्यांना दाराबाहेर काढलं. "चष्म्याचं सांगून या, नाही तर रात्रभर मला झोपू द्यायचे नाहीत तुम्ही."

सरोजिनीबाईंनी दार उघडलं तेव्हा त्या खुशीत होत्या. घरभर बेसन भाजल्याचा वास होता. "या मगरे, बसा. केयूर येतोय पुण्याहून. गणपतीनंतर आलाच नव्हता. काल त्याला फोनवर सांगितलं की मला सगळं धूसर दिसतंय, मोतीबिंदू परत आला की काय कोण जाणे. लगेच म्हणाला, आई, मी निघतो."

संघपाल खुर्चीच्या काठावर बसले. त्यांना वाटलं, उठून जावं. त्यांना वाटलं, आपण सांगितलं तर पोरगा वाटेतून माघारी फिरेल, आणि नाही सांगितलं तर डॉक्टर सरोजिनीबाईंच्या चांगल्या डोळ्यात काहीतरी घालतील. दोन्हींकडून दोष त्यांच्याच माथी येणार होता. त्यांनी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. वारा, कठडा, चष्मा, सगळं. नवा चष्मा करून देईन, असंही म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मगरे," त्या म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. चष्मा लावला की धुकं आणि काढला की लख्ख, हे मला कळायला किती वेळ लागला असेल? काल तुमच्या गच्चीवरच कळलं."

"मग केयूरला..."

"सांगणार आहे की. खोटं मी बोलत नाही." बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "आत्ता तो अहिल्यानगरला असेल. नेवाशाच्या पुढं आला की फोन करते. तिथून परत फिरायला लांब पडतं. लाडू बघा जरा, साखर कमी झालीय का."